पाचव्या घरची चिंधी

जुना कपडा हातात आला की मी आधी त्याचा वास घेते. कॉलरला, काखेत, मग खिसे उलटे करते आणि शेवटी आतली शिवण बघते. लोक हसतात. हसू देत. बाजारात ढिगानं येणारे कोट, साड्या, परकर कुणाच्या अंगावरून उतरलेत हे विकणारा आपण होऊन सांगत नाही, आणि विचारल्यावर जे सांगतो त्यावर मी कधीच विश्वास ठेवला नाही. "साहेबाच्या घरचा माल हाय बाई," म्हणून एकानं मला एक गरम कोट दिला होता. आतल्या खिशात औषधाची चिठ्ठी आणि कापसाचा बोळा निघाला. साहेब असेल खरा, पण कशानं गेला कुणास ठाऊक. तो कोट मी चार दिवस उन्हात तापत टाकला आणि मगच त्याचे पोपट केले.

पोपट म्हणजे तोरणाचे. तोरणं, रुखवतात मांडायच्या बाहुल्या, साड्यांच्या वेण्या घालून केलेली गोल पायपुसणी, भिंतीवर टांगायचा मोर, जे काही माझ्या हातून झालं ते सगळं जुन्या कपड्यांचं. मोराचे डोळे शर्टाच्या गुंड्यांचे. शिंप्याच्या मशीनखालचं कातरणसुद्धा मी पिशवी भरून आणायची. घरात या सगळ्याचं एक मोठं गाठोडं होतं आणि त्यातली चिंधी न चिंधी मला ठाऊक होती. कुठली कुणाची, कुठून आली, सगळं.

ही गोष्ट लातूरची. उस्मानाबादेतून लातूर तुटून वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षाची. आम्ही मूळचे रेणापूरकडचे. मालकांना नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकुनाची जागा मिळाली म्हणून आम्ही शहरात आलो. जिल्हा नवा होता, पण कचेरीतल्या खुर्च्या-कपाटं जुनी आणि त्यांच्या पाठीवर जुन्याच जिल्ह्याचं नाव. छापील कागदांवरचंही वरचं नाव खोडून मालक खाली मजकूर लिहीत. त्यांना ते ओशाळवाणं वाटायचं. मला वाटायचं, बरं चाललंय, माझ्यासारखाच संसार आहे.

पाऊस मात्र सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. आम्ही राहायचो ती सहा खोल्यांची एक ओळ होती, पुढं मोकळं अंगण, अंगणात कपडे वाळत घालायला एकच लांब दोरी. नळ कोरडा. दोन दिवसांआड कोपऱ्यावर टँकर यायचा आणि त्याच्यामागं सगळी गल्ली घागरी घेऊन पळायची. कपडे आठवड्यातून एकदा, तेही वापरलेल्या पाण्यात. त्या वर्षी सगळ्यांच्याच कपड्यांना वास यायचा. मला तर दोरीखालून जाताना डोळे मिटून सांगता आलं असतं, हे कुणाचं धुणं आहे.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी शेजारच्या खोलीत एक जोडपं राहायला आलं. नवरा एसटीत कंडक्टर, दोघं मुखेडकडची. बाई माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. दोन लेकरं झाली नि गेली, एक बारा दिवसांचं आणि एक चार महिन्यांचं, हे तिनं पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं. आणि आता पुन्हा दिवस गेलेत, हेही सांगितलं. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त खटकलं. इतक्या लवकर इतकं आतलं सांगणाऱ्या माणसाला काहीतरी पाहिजे असतं, असं माझं मत होतं. अजूनही आहे.

दुसरं खटकलं ते चहाचं. आम्ही धम्म घेतलेली माणसं. माझ्या खोलीत समोरच्याच भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि ती तिनं दारातूनच बघितली होती. ती गावाकडच्या शेतकरी घरातली. तरी माझ्या हातचा चहा तिनं बशीत ओतून निवांत प्याला. गावाकडं मी असल्या बायका पाहिल्या होत्या, समोर गोड बोलून घरी जाऊन चूळ भरणाऱ्या. म्हणून चार दिवस मी खिडकीतून पाळत ठेवली. चूळ काही तिनं भरली नाही. पण त्या टंचाईत चुळीपुरतं पाणी तरी कुणाकडं होतं? त्यामुळं त्यावरूनही काही ठरेना.

ती मात्र रोज दुपारी येऊन बसायची. तोरण शिकायचं म्हणायची. तिचा हात चांगला होता, टाका बारीक पडायचा. मीही मग तिला शिकवायला लागले. शिकवायला लागलं की माझं तोंड बंद होत नाही, त्यामुळं पोपटाच्या चोचीबरोबर वासाचंही सगळं शिकवून टाकलं. आजारी माणसाचा कपडा कसा ओळखायचा, पेटीत वर्षानुवर्षं पडलेल्या साडीला कसला वास येतो. आणि लहान लेकराचा कपडा तर कितीही धुवा, शिवणीत तेलाचा आणि दुधाचा वास राहतोच. ती म्हणाली, "खरंच का अक्का?" मी माझ्या पोरीचा फ्रॉक तिच्या नाकाला लावला. तिनं तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला. हेही मी मनात टिपून ठेवलं.

माझी पोर तेव्हा चार वर्षांची. आडदांड. टँकर आला की आमच्या सगळ्यांच्या पुढं तीच पळायची, नळीखाली डोकं घालून ओली होऊन यायची आणि सगळ्या गल्लीच्या शिव्या खायची. सर्दी नाही, ताप नाही. शेजारीण दारात बसून तिच्याकडं बघत राहायची. बघणं चांगलं की वाईट हे मला कळायचं नाही, म्हणून मी पोरीला काहीतरी निमित्त काढून आत बोलवायची.

तरी तिचं पोट दिसायला लागल्यापासून टँकरवरून तिच्या दोन घागरी मीच आणून द्यायची. एक डोक्यावर, एक कमरेवर, मग माझ्या घागरींची दुसरी खेप. ती नको म्हणायची नाही. माझ्या हातचं पाणी तिच्या माठात सरळ ओतू द्यायची.

सातवा महिना लागला आणि मी ज्याची वाट बघत होते ते झालं. ती काहीतरी मागायला आली.

"अक्का, तुमच्या पोरीच्या अंगावरली एक चिंधी द्या."

मी विचारलं, कशाला. ती म्हणाली, तिच्या सासूनं सांगितलंय. या खेपेला लेकराला नवं कापड घालायचं नाही. पाच घरांतून मागून आणलेल्या चिंध्यांची कुंची शिवायची आणि जन्मल्या जन्मल्या तीच डोक्यावरून पाठीवर घालायची, म्हणजे लेकरू राहतं. चार चिंध्या तिला मिळाल्या होत्या. पाचवी माझ्याकडची पाहिजे होती. "गाठोड्यातली न्हाई," ती म्हणाली. "पोरीच्या अंगात घातलेली."

आता मला हा रिवाज ठाऊक नव्हता असं नाही. फार चांगला ठाऊक होता. मी लहान असताना गावातल्या बायका आमच्या वस्तीच्या कडेला येऊन लांब उभ्या राहायच्या आणि माझ्या आईकडं चिंधी मागायच्या. ज्यांची लेकरं जगत नव्हती त्या. आमच्या घरची चिंधी अंगावर असली की लेकरू नकोसं दिसतं, हलकं दिसतं, आणि मग मरणही त्याला हात लावत नाही, असा त्यामागचा हिशेब. आई चिंधी लांबून टाकायची, त्या पदरात झेलायच्या. त्या गेल्यावर आई उरलेलं कापड चुलीत घालायची.

म्हणून मला वाटलं, हाच तो चहा. यासाठीच बशीत ओतून पीत होती. पाच घरांत एक घर आमचं पाहिजेच होतं हिला.

आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. अंगावरचा कपडा दुसऱ्याच्या हातात गेला की करणी होते, माझ्या लेकराचं आयुष्य उचलून तिच्या लेकराला लागतं, असलं काहीबाही डोक्यात आलं. आम्ही असलं काही मानत नाही. मी स्वतः चार बायकांना हे मानू नका म्हणून ऐकवलेलं होतं. मानत नव्हते, तर चार बोटं कापड देऊन टाकायला काय हरकत होती? आणि मानत होते, तर दोन लेकरं गेलेल्या बाईला नाही तरी कसं म्हणायचं? मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. मी म्हणाले, "उद्या देते."

गाठोड्यात शिंप्याकडचं कातरण होतं. पिवळं पॉपलीन, बारीक पांढऱ्या फुलांचं, कुणाच्याही अंगाला कधी न लागलेलं. माझ्या पोरीचा एक फ्रॉकही पिवळाच होता, जरा फिका. मी ते कातरण दगडावर घासलं, चहाच्या चोथ्यात बुडवून वाळवलं, कडेचे चार दोरे ओढले. एवढं कसब मी रुखवताच्या मोरालाही लावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "पोरीच्या पिवळ्या फ्रॉकची आहे."

तिनं दोन्ही हातांनी घेतली. नाकाजवळ नेली, मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, गहिवरली.

पुढच्या आठवड्यात धुणं काढताना पोरीचा पिवळा फ्रॉक हातात आला. वरून ठीक होता. पण मी आतली शिवण बघितल्याशिवाय कपड्याची घडी घालत नाही. दुमडलेल्या काठातून चार बोटांचा तुकडा गेला होता. सरळ, बारीक, कात्रीनं कापलेला. असा तुकडा कापणारी आमच्या ओळीत माझ्याखेरीज एकच बाई होती आणि तिला कात्री धरायला मीच शिकवलं होतं.

मी फ्रॉक घेऊन तडक तिच्या दारात गेले. ती भाकरी थापत होती.

"हे तू कापलंस."

"न्हाई हो अक्का."

"मग उंदरानं कात्री घेतली का हातात?"

"मी कशाला कापू? तुम्ही दिली की मला." ती माझ्याकडं बघत नव्हती, परातीकडं बघत होती. कानापर्यंत लाल झाली होती.

तिथंच मला थांबता आलं असतं. दिलेली चिंधी खोटी आहे हे मला माहीत होतं. ती आणखी एक का कापेल, याचा जरा विचार केला असता तर उत्तर समोर होतं. पण माझा संशय एकाच बाजूला पळतो. मला एवढंच दिसलं की एक मिळूनही हिनं दुसरी चोरली, म्हणजे हिला कुंची शिवायची नाही, आणखी काहीतरी करायचं आहे. मी तोंडाला येईल ते बोलले. लेकरं खाल्लेली बाई, असंसुद्धा बोलले. सगळ्या ओळीनं ऐकलं.

त्या दिवसापासून मी तिच्या घागरी आणणं बंद केलं. टँकरच्या रांगेत ती माझ्या मागं चार बायका सोडून उभी असायची, एक हात पाठीवर, दुसऱ्या हातात घागर. मी वळून बघायची नाही. तिचा नवरा ड्यूटीवर असला तर ती एकटीच भरून न्यायची. हे मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणणार नाही.

पंधरा-वीस दिवसांत ते खोली सोडून गेले. नवऱ्याची बदली नांदेडला झाली आणि ती बाळंतपणाला मुखेडला गेली, एवढं कुणीतरी सांगितलं. पुढं काय झालं, लेकरू राहिलं का, हे मी विचारलं नाही. विचारलं तर कळेल, ही भीती होती. ती कुंची त्या लेकराच्या डोक्यावर असणार, तिच्यात एक चिंधी खोटी असणार, आणि लेकरू गेलं असेल तर ते चिंधीनं गेलं असं ती बाई म्हणणार नाही, पण मी म्हणेन. न मानणाऱ्या मला हे वीस-बावीस वर्षं पुरलं. मुखेडचं कुणी भेटलं तर मी विषय बदलायची. फ्रॉक मात्र टाकला नाही. पुरावा म्हणून ठेवला. गाठोड्याच्या तळाशी, कापलेला काठ वर करून.

मालक गेल्यावर मी नांदेडला पोरीकडं राहायला आले. ती आता इथल्या एका कॉलेजात शिकवते, अजून तशीच आडदांड. इथंही माझी तोरणं चालू होती. एका सकाळी दारात एक बाई उभी राहिली, केस पांढरे, हातात कापडी पिशवी आणि लग्नपत्रिका. मी आधी पिशवीकडं बघितलं, काहीतरी विकायला आली असेल म्हणून.

"अक्का, वळखलं न्हाई का? तोरणांवरून माग काढला तुमचा."

आवाजावरून ओळखलं. आणि मी पहिली गोष्ट विचारली ती बसा म्हणून नाही, पाणी घ्या म्हणून नाही. मी विचारलं, "कुणाची पत्रिका?"

"लेकीची. तीच ती. तुमच्या शेजारी असताना पोटात होती ती."

मी खाली बसले. ती मला पाणी द्यायला आत शिरली, माझ्याच घरात, माझ्याच माठातून.

मग तिनं पिशवीतून कुंची काढली. तिला त्या कुंचीचं तोरण करून पाहिजे होतं, लेकीच्या नव्या घराच्या दारासाठी. कुंची मांडीवर पसरून ती एकेका चिंधीवर बोट ठेवत गेली. ही मारवाडणीकडची, ही शिक्षिका बाईंच्या घरची, ही नणंदेची, ही दवाखान्यातल्या नर्सबाईची. आणि मधोमध, बरोबर कपाळावर येईल अशी, फिकी पिवळी. माझी नव्हती ती. मी दगडावर घासलेलं पॉपलीन मला अंधारातही ओळखू आलं असतं.

मी उठले, गाठोडं सोडलं आणि तळाचा फ्रॉक आणून तिच्यासमोर टाकला. कापलेला काठ वर करून. बावीस वर्षं ज्या क्षणासाठी ठेवला होता तो क्षण आला होता.

"हाव," ती म्हणाली. "मीच कापली. खोटं बोलले तवा." आणि पिशवीत हात घालून तिनं कागदात बांधलेली एक घडी काढली. माझं पॉपलीन. चोथ्याचा डागसुद्धा तसाच. "तुम्ही दिलेलीला वासच नव्हता अक्का. लेकराचा वास कसा असतो ते तुम्हीच तर दावलं होतं मला."

आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो, मधे फ्रॉक आणि चिंधी. तिलाही पुरावा ठेवावासा वाटला होता तर.

मला एक विचारायचंच होतं. ते मी विचारलं. "आमच्या घरचीच का पाहिजे होती? लेकरू हलकं दिसावं म्हणून?"

तिनं नजर चुकवली नाही. "सासूनं तसंच सांगितलं होतं. एक घर तुमच्यातलं पाहिजे म्हणून." मग म्हणाली, "तसली चिंधी मला कुठं बी मिळाली असती. मला तुमची पोर आवडायची. टँकरमागं पळायची ती. मला तशी पाहिजे होती."

हे खरं की खोटं? सवयीनं मी तिचा चेहरा निरखून बघितला. मला काही सापडलं नाही. मग मला लाज वाटली, आणि ती मी बोलून दाखवली. त्या चिंधीपायी मी बावीस वर्षं भ्याले, म्हणाले. तुझ्या लेकराला काही झालं असतं तर ते माझ्या खोट्या चिंधीनं झालं असतं, हेच डोक्यात होतं.

ती हसली. "चिंधीनं काय होतंय अक्का," म्हणाली. "पाण्यानं झालं असतं. तुम्ही घागरी बंद केल्या, त्याच्या पंधराव्या दिवशी पडले मी, भरल्या घागरीसकट. अंगणात चढायच्या पायऱ्यांवर. ओळीत कुणाला कळू दिलं न्हाई. दोन दिवस पोटात काही हललं न्हाई. म्हणून तर घाईनं गावाकडं नेलं मला."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. कुणाच्याही घरची गोष्ट सांगावी तसं सांगत होती आणि सांगता सांगता फ्रॉकची घडी घालत होती. त्या पायऱ्या मला आठवत होत्या. त्यांवरून माझी दुसरी खेप दर टँकरला चढत होती.

तोरण मी केलं. कुंची न कापता मधे बसवली आणि तिच्या दोन्ही बाजूंना फ्रॉकचे पोपट लावले. तिच्या लेकीच्या लग्नात ते रुखवतात मांडलं होतं. मुलगी मांडवभर धावपळ करत होती, नवरी असून, आणि तिची आई तिला खाली बस म्हणून दटावत होती.

माझी खोटी पिवळी चिंधी ती माझ्याकडंच ठेवून गेली. कागदासकट ती अजून गाठोड्यात आहे. वीतभराच्या चिंधीतूनही काहीतरी उभं करणारी बाई मी, पण तिचं काय करावं हे मला सुचत नाही.